फेकीच्या टॉमहॉकचा नवा दांडा

'टॉमहॉक' हा शब्द बहुतेक मराठी वाचकांच्या कानावर प्रथम पडला तो १९९१ च्या आखाती युद्धात. अमेरिकी युद्धनौकांवरून इराकच्या दिशेने सुटणाऱ्या क्षेपणास्त्राचे ते नाव वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून घरोघरी पोहोचले. परंतु ज्या वस्तूवरून हे नाव घेतले गेले, ती वस्तू अगदी साधी आहे. अर्धा-पाऊण किलो वजनाचे लोखंडी पाते आणि त्यात बसवलेला हातभर लांबीचा लाकडी दांडा, एवढाच तिचा संसार. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची ही हलकी कुऱ्हाड होय.

आज टॉमहॉक ही मुख्यत: खेळाची वस्तू आहे. मऊ लाकडाचा ओंडका आडवा कापून त्याचे कापलेले तोंड फेकणाऱ्याकडे करून उभे करायचे, त्यावर वर्तुळे रंगवायची आणि ठराविक अंतरावरून कुऱ्हाड अशी फेकायची की हवेत फेरा घेऊन तिची धार लाकडात रुतावी. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील काही देशांत या खेळाच्या स्पर्धा होतात. या खेळात पाते दीर्घायुषी असते आणि दांडा अल्पायुषी. चांगले पाते दोन पिढ्या सहज पुरते. दांडा मात्र एखाद्या चुकलेल्या फेकीतही मोडू शकतो. त्यामुळे कुऱ्हाड फेकणाऱ्याला आज ना उद्या नवा दांडा करावाच लागतो.

तयार दांडे बाजारात मिळतात, हे खरे. पण ते आपल्याच पात्याच्या छिद्रात अचूक बसतील असे नाही, आणि त्यांतील लाकडाच्या रेषा कशा धावतात हे पाहून निवड करण्याची संधी दूरच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. दांड्याचे आयुष्य दोन गोष्टींवर ठरते. लाकडाचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहेत का, आणि पात्याच्या छिद्राच्या भिंतीला दांडा सर्व बाजूंनी टेकतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तर दांडा ओबडधोबड दिसला तरी चालतो. ती 'नाही' असतील तर कितीही गुळगुळीत दांडा धोक्याचाच.

शब्दाचा आणि वस्तूचा उगम

हा शब्द अल्गॉन्क्वियन भाषाकुलातला. आजच्या व्हर्जिनिया राज्यात राहणाऱ्या पॉव्हॅटन लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत आला. कॅप्टन जॉन स्मिथ याने १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तेथील शब्दांची जी छोटी यादी दिली, तीत हा शब्द 'कुऱ्हाड' या अर्थाने आला आहे. युरोपीय येण्यापूर्वी तेथे लोखंड गाळले जात नव्हते. दगडाचे पाते लाकडाला चामड्याच्या वादीने बांधून कुऱ्हाड तयार होत असे. पुढे बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारात फ्रेंच, डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी लोखंडी पाती आणली आणि त्यांनाही हेच नाव चिकटले.

ही पाती घडवण्याची रीत लक्षात घेतली तर दांड्याचे गणित लवकर उमगते. लोहार लोखंडाची तापलेली पट्टी एका निमुळत्या गजाभोवती दुमडत असे, तिची दोन टोके एकत्र ठोकून सांधत असे आणि धारेच्या जागी पोलादाचा तुकडा बसवत असे. गज काढून घेतला की पात्याला आरपार छिद्र उरे. आपले सुतार-लोहार ज्याला 'नेढे' म्हणतात तेच हे. हे नेढे वरच्या तोंडाशी थोडे मोठे आणि खालच्या तोंडाशी थोडे लहान असते. आकार पूर्ण गोल किंवा पाण्याच्या थेंबासारखा. थेंबाचे टोक धारेच्या बाजूला. अशा नेढ्यासाठी रानात, हाताशी फक्त सुरी असली तरी, नवा दांडा करता येई. जंगलात महिनोन् महिने काढणाऱ्यांना ही सोय मोलाची होती.

मूळ रहिवाशांपुरतीच ही कुऱ्हाड मर्यादित राहिली नाही. १८ जुलै १७७५ रोजी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने नागरी सैनिकांजवळ कोणती शस्त्रे असावीत याची शिफारस केली, तीत 'तलवार किंवा टॉमहॉक' असा पर्याय होता. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम पश्चिमेकडे निघाली तेव्हा लुईसने १८०३ मध्ये हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेतून चिलमीच्या टॉमहॉक घेतल्या होत्या. या प्रकारात पात्याच्या पाठीमागे चिलमीची वाटी असते आणि दांडा पोकळ असतो. एकाच वस्तूत युद्धाची धार आणि तहाचा धूर! १८०४-०५ च्या हिवाळ्यात मँडन लोकांच्या शेजारी मुक्काम असताना मोहिमेतील लोहारांनी कुऱ्हाडी घडवून त्यांच्या बदल्यात मका मिळवला.

कुऱ्हाड फेकण्याचा खेळ पुढे मुख्यत: रॉकी पर्वतातील कातडी-व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांच्या आठवणीशी जोडला गेला. हे वार्षिक मेळावे १८२५ ते १८४० या काळात भरत. आज त्यांची जी हौशी पुनरावृत्ती होते, तीत टॉमहॉक फेकणे हा ठरलेला कार्यक्रम असतो. चित्रपटांत दिसते तसे प्रत्येक योद्धा लढाईत कुऱ्हाड फेकत असेल, हे मात्र संभवत नाही. हातातले शस्त्र फेकून देणारा पुढच्याच क्षणी नि:शस्त्र होतो. २००६ मध्ये टोरांटोतील एका परसात सुरू झालेला आणि पुढे शहरोशहरी पसरलेला बंदिस्त जागेतील कुऱ्हाडफेकीचा खेळ हा या परंपरेचा नवा भाऊ. तेथे साधारणत: खालून दांडा घालून पाचर ठोकलेली छोटी कुऱ्हाड वापरतात. तिची जोडणी वेगळी असते, म्हणून प्रस्तुत लेखातील माहिती तिला जशीच्या तशी लागू पडणार नाही.

पाचर का नसते?

आपल्याकडील टिकाव आठवून पाहा. टिकावाचा दांडा वरून घालतात. बारीक टोक नेढ्यातून खाली ओवायचे, दांडा खाली ओढत जायचा आणि त्याचे जाड डोके नेढ्यात घट्ट बसले की काम झाले. पाचर नाही, खिळा नाही. टिकाव उगारला की लोखंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे दांड्याच्या जाड टोकाकडे ओढले जाते आणि आपोआप अधिक आवळते. टॉमहॉकची जोडणी नेमकी हीच आहे. महाराष्ट्रातील ज्या शेतकऱ्याने टिकावाला दांडा घातला असेल, त्याला टॉमहॉकचे निम्मे शास्त्र आधीच ठाऊक आहे.

फेकीच्या कुऱ्हाडीत या जोडणीचा आणखी एक लाभ होतो. फेक चुकली आणि धारेऐवजी दांड्याचे खालचे टोक लक्ष्यावर आदळले, तर दांडा जागीच थांबतो आणि पाते आपल्या वेगाने बारीक टोकाकडे घसरते. आघाताचा काही भाग त्या घसरण्यात खर्च होतो व दांडा बचावतो. पाचर ठोकून पाते पक्के केले, तर हाच आघात नेढ्याच्या कडेवरील लाकडावर एकवटतो आणि दांडा तेथेच तुटतो. काही कारखानी पात्यांना बाजूने एक छोटा स्क्रू दिलेला असतो. तो आवळला की त्याचे टोक लाकडात रुतून तेथे खाच पडते व पुढची चीर त्याच खाचेतून सुरू होते. त्यामुळे अनुभवी खेळाडू तो स्क्रू काढून टाकतात आणि दांडा नीट बसवण्यावर भर देतात.

याची दुसरी बाजूही आहे. चुकलेल्या फेकीनंतर पाते सैल झालेले असू शकते. ते न पाहता कुऱ्हाड पुन्हा डोक्यावर उगारली, तर पाते दांड्यावरून खाली घसरून थेट बोटांवर येते. म्हणून प्रत्येक चुकलेल्या फेकीनंतर पाते हाताने हलवून पाहणे हा या खेळाचा पहिला नियम मानावा.

मोडलेला दांडा काय सांगतो?

दांडा मोडला की तो लगेच शेकोटीत टाकू नये. मोड कशी आहे, हे आधी पाहावे. मोड लांब, तिरकी आणि सुळक्यासारखी असेल, तर लाकडाच्या रेषा दांड्याला समांतर नव्हत्या. त्या मध्येच बाजूने बाहेर पडत होत्या आणि लाकूड त्या रेषेवर सुटले. मोड आखूड आणि गाजर मोडावे तशी सपाट असेल, तर लाकूड ठिसूळ होते. ते कुजायला लागलेले असावे किंवा त्याची वाढच निकस झालेली असावी. मोड नेढ्याच्या खालच्या कडेला असेल आणि तेथील तंतू चिरडलेले दिसत असतील, तर नेढ्याची कड धारदार राहिली होती किंवा दांडा फक्त त्या एकाच जागी टेकत होता. पहिल्या दोन दोषांवर उपाय लाकूड निवडताना करायचा, तिसऱ्यावर दांडा बसवताना.

नेढ्यात अडकलेला तुकडा काढणे सोपे आहे. पाते शिकंजात धरावे किंवा दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे आणि तुकडा खालून वर, म्हणजे नेढ्याच्या मोठ्या तोंडाकडे ठोकून बाहेर काढावा. फारच अडकला असेल तर मध्ये दोन-तीन भोके पाडून तो पोखरावा. काहीजण पाते विस्तवात टाकून लाकूड जाळतात. तसे कधीही करू नये. पोलादाच्या धारेला दिलेले पाणी सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे उतरू लागते आणि धार मऊ पडते. दांडा वाचवण्याच्या नादात पाते गमावण्याचा हा प्रकार होय.

नेढे रिकामे झाले की त्याच्या आतल्या बाजूवरून बोट काळजीपूर्वक फिरवावे. घडवताना राहिलेले उंचवटे आणि खालच्या कडेची धार गोल कानशीने घासून काढावी. कड किंचित गोलाईदार झाली पाहिजे. पाच मिनिटांच्या या कामाने दांड्याचे आयुष्य जेवढे वाढते, तेवढे कोणत्याही महागड्या लाकडाने वाढत नाही.

लाकडाची निवड

टॉमहॉकच्या मायभूमीत दांड्यासाठी पहिली पसंती हिकरीला. अक्रोडाच्या कुळातील हा वृक्ष. त्याचे लाकूड जड, चिवट आणि आघात सोसणारे असते. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे ८०० किलो भरते. धक्का बसला की ते किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. क्रिकेटच्या बॅटीचे पाते विलोचे असले तरी मूठ वेताची असते, त्यामागेही हाच विचार आहे. हातात येणारा भाग नुसता कठीण असून भागत नाही, तो लवचिक असावा लागतो.

हिकरीत सालीलगतचे लाकूड पांढरे असते व गाभ्याचे तांबूस. पांढरे तेवढे चांगले, अशी जुनी समजूत आहे आणि दुकानदारही पांढऱ्या दांड्याला जास्त दाम लावतात. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९१० मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी सरकारच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने केलेल्या चाचण्यांतून मात्र असे दिसले की, सारख्याच वजनाचे पांढरे व तांबडे लाकूड सारखेच बळकट असते. रंग पाहण्यापेक्षा तुकडा हातात तोलून पाहावा. एकाच मापाच्या दोन तुकड्यांत जो जड, तो निवडावा.

हिकरीनंतर क्रम लागतो अ‍ॅशचा. बेसबॉलच्या बॅटींसाठी प्रसिद्ध असलेले हे लाकूड हिकरीहून हलके आणि तासायला सोपे. चिलमीच्या टॉमहॉकचे दांडेही पुष्कळदा अ‍ॅशचे असत, कारण त्याच्या फांदीचा मऊ मगज तापलेल्या तारेने जाळून नळी करता येते. परंतु आशियातून गेलेला हिरव्या रंगाचा एक भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात आढळला आणि त्यानंतर त्याने अमेरिकेतील कोट्यवधी अ‍ॅश वृक्ष मारले. उभ्या उभ्या वाळलेल्या अशा झाडाचे लाकूड ठिसूळ झालेले असू शकते. स्वस्त मिळते म्हणून ते दांड्याला घेऊ नये.

महाराष्ट्रात हिकरी वाढत नाही. पण आपल्या रानांतही या कामाची लाकडे आहेत. धावडा आणि धामण ही दोन नावे अवजारे वापरणाऱ्यांना सांगायला नकोत. धावड्याचे लाकूड जड व अतिशय चिवट. गाड्यांचे आस आणि कुऱ्हाडींचे दांडे यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. धामण त्याहून हलकी आणि विशेष लवचिक. बलुतेदारीच्या काळात गावचा सुतार शेतकऱ्याची अवजारे वर्षभर दुरुस्त करी आणि सुगीला धान्याच्या रूपाने आपला वाटा घेई. कोणत्या लाकडाचा दांडा कोणत्या कामाला, हे त्याला तोंडपाठ असे. साग मात्र या कामाला घेऊ नये. तो टिकाऊ आहे, पाणी व वाळवी यांना दाद देत नाही. पण वारंवार बसणारे झटके सोसण्याचा चिवटपणा त्याच्यात नाही. झाड तोडण्याबाबत कायद्याची बंधने असल्यामुळे लाकूड वखारीतून घेणे उत्तम.

सर्वात महत्त्वाची परीक्षा रेषांची. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब नळ्यांची जुडी. नळीच्या लांबीच्या दिशेने ताण दिला तर ती विलक्षण बळकट असते. एक नळी दुसरीपासून आडवी ओढून वेगळी करायची तर तुलनेने फारच थोडा जोर पुरतो. म्हणूनच करवतीने कापलेल्या तुकड्यापेक्षा पाचरीने फाडलेला तुकडा श्रेष्ठ. करवत सरळ जाते. तिला लाकडाच्या रेषांशी काही देणेघेणे नसते. पाचर मात्र रेषांच्याच वाटेने जाते, त्यामुळे फाडलेल्या तुकड्यातील तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. कापलेली फळीच वापरायची असेल तर तिच्या चारही बाजू पाहाव्यात आणि रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर ती बाजूला ठेवावी. दांड्याच्या टोकाशी दिसणारी वार्षिक वलये धारेच्या दिशेला समांतर असावीत, असा जुन्या कारागिरांचा दंडक आहे. तो पाळता आला तर पाळावा. पण अखंड रेषा आणि योग्य वलये यांतून एकच निवडायची वेळ आली, तर अखंड रेषा निवडाव्यात. गाठ असलेला तुकडा, मग ती गाठ कितीही लहान असो, दांड्याला चालत नाही.

लाकूड मिळवण्याची एक सोपी वाटही आहे. घणाचा किंवा फावड्याचा लांब दांडा एका टोकाला मोडलेला असेल, तर उरलेल्या भागातून टॉमहॉकचा दांडा सहज निघतो. ते लाकूड पूर्ण वाळलेले असते आणि त्याने अनेक वर्षे आघात सोसलेले असतात.

वाळवण : घाई येथे महागात पडते

ओल्या लाकडातील पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरले की लाकूड आक्रसू लागते. लांबीत ते जवळजवळ आक्रसत नाही. जाडीत मात्र चांगलेच आक्रसते. हिकरीच्या शॅगबार्क या जातीचे लाकूड ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे ७ टक्के आक्रसते. हा फरक लाकूड का तडकते याचेही उत्तर आहे.

एक साधा हिशेब पाहू. नेढ्यात बसलेल्या भागाची जाडी ३२ मिलिमीटर आहे आणि दांडा बसवल्यानंतर लाकडातील पाण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. तेवढ्या फरकाने ती जाडी वलयांच्या दिशेने सुमारे ०.४५ मिलिमीटरने घटते. दांड्याचा निमुळतेपणा दर ४० मिलिमीटरला १ मिलिमीटर असेल, तर पाते पुन्हा घट्ट बसण्यासाठी सुमारे १८ मिलिमीटर वर सरकेल. वरच्या बाजूला तेवढे लाकूड शिल्लक नसेल तर दांडा निकामी झाला. ओले लाकूड वापरणाऱ्याची फसगत होते ती अशी.

म्हणून फाडलेले तुकडे अंतिम मापापेक्षा जाड ठेवावेत, त्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावावा आणि ते सावलीत, हवा खेळती राहील असे रचावेत. टोकांना लेप लावला नाही तर तेथून पाणी झपाट्याने उडते आणि चिरा पडतात. एक इंच जाडीला एक वर्ष, असा ढोबळ नियम आहे. खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तुकडा दर पंधरा दिवसांनी तोलावा; वजन घटायचे थांबले की लाकूड तयार झाले.

तासणे

दांड्याची लांबी साधारणत: १६ ते २२ इंच ठेवतात, १९ इंचांचे माप बरेच रूढ आहे. लांब दांड्याची कुऱ्हाड हवेत सावकाश फिरते आणि एका पूर्ण फेऱ्यासाठी जास्त अंतर मागते. सामान्य मापाच्या कुऱ्हाडीला एका फेऱ्यासाठी साधारण १२ ते १३ फूट अंतर पुरते. जुन्या दांड्यावर हात बसलेला असेल तर नवा दांडा त्याच लांबीचा करावा, नाहीतर फेकण्याचे अंतर पुन्हा शोधावे लागते. मोडलेला दांडा जपून ठेवण्याचे हे आणखी एक कारण. तुकडे जुळवून त्यांचे माप घ्यावे आणि नव्या लाकडावर आखावे.

प्रथम वाकसाने किंवा छोट्या कुऱ्हाडीने जादा लाकूड काढून चौकोनी, निमुळती काठी करावी. वरचे टोक सुमारे ३८ मिलिमीटर आणि खालचे सुमारे २५ मिलिमीटर, हा अंदाज; नेमके माप आपल्या नेढ्यावरून ठरवावे. मग चारही कोपरे सारखे उतरवून काठी अष्टकोनी करावी, पुन्हा आठ कोपरे उतरवून सोळा बाजूंची करावी आणि शेवटी गोलाई द्यावी. चौकोनावरून थेट गोलाकडे गेले तर दांडा एका बाजूला पोट सुटल्यासारखा होतो. अमेरिकेत हे काम दोन मुठींच्या, अंगाकडे ओढायच्या सुऱ्याने करतात. रंध्याने व मोठ्या दात्यांच्या कानशीनेही ते उत्तम होते. हत्यार नेहमी जाड टोकाकडून बारीक टोकाकडे चालवावे, म्हणजे ते तंतूंच्या खाली शिरून चिलका उडवत नाही.

दांड्याची मूठ सरळ ठेवावी. साध्या कुऱ्हाडीच्या मुठीशी हात अडावा म्हणून फुगवटा असतो. येथे तो दुहेरी गैरसोयीचा. एक तर पाते खालच्या टोकावरून ओवायचे असते, आणि दुसरे म्हणजे फेकताना दांडा हातातून अलगद सुटायला हवा. नेढे थेंबाच्या आकाराचे असेल तर संपूर्ण दांड्याला तोच सौम्य आकार द्यावा. धार कोणीकडे आहे, हे न पाहताही तळव्याला कळते.

नेढ्यात बसवणे

हा या कामाचा सर्वात संथ आणि सर्वात मोलाचा टप्पा. दांडा जवळजवळ बसू लागला की नेढ्याच्या आतल्या भिंतीला काजळी किंवा मऊ शिसपेन्सिलीची पूड चोळावी. दांडा ओवून पाते वर चढवावे, हलकेच ठोकावे आणि पुन्हा काढावे. लाकडावर जेथे काळे डाग उठले, तेथेच ते लोखंडाला टेकते आहे. तेवढाच भाग कानशीने थोडा उतरवावा आणि पुन्हा तपासावे. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणीच डाग दिसतील. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर नेढ्याच्या पूर्ण उंचीवर सर्व बाजूंनी सारखा काळेपणा दिसू लागेल. तेथे थांबावे. घाईने एकदम जास्त लाकूड काढले, तर पाते वर सरकत जाते आणि दांडा वाया जातो.

पाते पूर्ण बसल्यावर दांड्याचे डोके नेढ्याच्या वर निदान पाऊण ते एक इंच राहू द्यावे. मागे पाहिलेला १८ मिलिमीटरचा हिशेब येथे कामी येतो. उन्हाळ्यात लाकूड आक्रसले की पाते त्या शिलकीत वर सरकते व पुन्हा घट्ट होते.

पाते आवळण्यासाठी कुऱ्हाड उलटी धरून दांड्याचे वरचे टोक लाकडी ठोकळ्यावर दोन-तीनदा आपटावे. दांडा थांबतो, पाते पुढे जाऊन जाड भागावर चढते. पाते काढायचे असेल तर कुऱ्हाड सरळ धरून खालचे टोक आपटावे. टिकावाच्या बाबतीत आपल्याकडे हेच करतात. सैल झालेले पाते पाण्यात बुडवून ठेवण्याची सवयही आपल्याकडे व तिकडे सारखीच आढळते, आणि ती सारखीच चुकीची आहे. पाण्याने लाकूड फुगते, पण लोखंडी नेढे त्याला जागा देत नाही. त्यामुळे आतले तंतू चिरडतात. लाकूड वाळले की ते पूर्वीपेक्षाही बारीक झालेले असते. संध्याकाळी घट्ट वाटणारे पाते दोन दिवसांनी निसटते, त्याचे कारण हे.

तेल आणि तेलाच्या चिंध्या

काचकागदाने दांडा गुळगुळीत करावा, पण आरशासारखा करू नये. व्हार्निश तर टाळावेच. घामट हाताला ते चिकटते आणि फेकीची वेळ चुकते. बेलतेल, म्हणजे जवसाचे पक्के तेल, कापडाने पातळ चोळावे, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसावे आणि दांडा दिवसभर वाळू द्यावा. असे तीन-चार हात पुरे. वर्षातून एकदा पुन्हा एक हात द्यावा. तेल पाण्याला पूर्ण अडवत नाही. ते ओलाव्याची ये-जा सावकाश करते, एवढे पुरेसे आहे.

या टप्प्यात एक धोका लपलेला असतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली, तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. कोठेही ठिणगी लागत नाही. म्हणून काम संपताच चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाकाव्यात.

फेकण्यापूर्वी

नव्या दांड्याची पहिली फेक जवळून आणि हलक्या हाताने करावी. पाच-सहा फेकींनंतर पाते काढून नेढ्यातील लाकूड पाहावे. एका जागी चकाकी आली असेल, तर तेथे जास्त दाब पडतो आहे. कानशीचे दोन हात तेथे द्यावेत. प्रत्येक खेळापूर्वी दांड्यावरून तळवा फिरवावा. उठलेली शीर किंवा केसासारखी बारीक चीर डोळ्यांआधी हाताला लागते. चीर सापडली तर दोरी किंवा चिकटपट्टी गुंडाळून दांडा चालवू नये. त्याखाली चीर वाढत राहते आणि दिसेनाशी होते. फेकणाऱ्याच्या पुढे किंवा बाजूला कोणी उभे राहू नये, कारण न रुतलेली कुऱ्हाड कोणत्याही दिशेने उसळून येते. दोघांनी एकाच ओंडक्यावर फेकायचे असेल, तर पहिली कुऱ्हाड काढल्याशिवाय दुसरी फेकू नये. दांडे मोडतात ते पुष्कळदा दुसऱ्या कुऱ्हाडीच्या घावाने.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण फितुरासाठी वापरतो. फेकीच्या कुऱ्हाडीत मात्र प्रत्येक चुकीचा मार दांडाच खातो आणि पाते शाबूत राहते. त्यामुळे एक दांडा वापरात असतानाच दुसऱ्यासाठी लाकूड फाडून, टोकांना मेण लावून माळ्यावर ठेवून द्यावे. पहिला मोडेल तेव्हा दुसरा वाळलेला असेल.